मुठीएवढ्या कॅलिपरचं कूळ

रोड बाइकला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवायचे म्हटलं, की सगळ्यात आधी खर्च येतो तो लिव्हरचा. ब्रेक आणि गिअर दोन्ही तिच्यातच सामावलेले असतात. तेलाचा पंप तिथे बसवायचा, तर चांगली चालणारी जोडी काढून ठेवावी लागते. यावर एक तोडगा आहे. टीआरपी कंपनीच्या ‘हाय-आरडी’सारख्या कॅलिपरला जुन्याच लिव्हरची तार जोडतात आणि तेल कॅलिपरच्या पोटातच काम करतं. या मुठीएवढ्या वस्तूत तीन घराणी एकत्र आली आहेत.

सायकलीपुरतं जुनं घराणं तारेचं. आपल्याकडे दूधवाल्यांच्या जड सायकलींना सळयांचे ब्रेक असत. लिव्हर दाबली की सळया ओढल्या जात आणि रबर रिमला आतून टेकत. सळई वळत नाही, सांध्यांवर सांधे जोडावे लागतात. अर्नेस्ट बाउडेनने १८९६ साली लवचीक आवरणातून सरकणाऱ्या तारेचं पेटंट घेतलं आणि हाताची ओढ वळणावळणाने चाकापर्यंत नेता येऊ लागली. पण तार ताणते, आवरण दबतं, आत चिखल शिरतो. बोटांतलं बळ वाटेतच खर्च होतं.

डिस्क मोटारीकडून आली. फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये १९०२ साली तिचं पेटंट घेतलं, पण धातूवर धातू घासून ती किंचाळायची. तिची खरी किंमत जगाला कळायला १९५३ साल उजाडलं. त्या वर्षी डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ‘ल मान्स’ची २४ तासांची शर्यत जिंकली.

तेलाचं मूळ सतराव्या शतकातल्या पास्कलच्या नियमात. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. म्हणून लहान दट्ट्या दाबून मोठा दट्ट्या जोरात रेटता येतो. माल्कम लॉकहीडने हे तत्त्व गाडीच्या ब्रेकमध्ये आणलं आणि १९२१ साली ते ड्यूसेनबर्ग मोटारीत दिसलं.

डोंगरी सायकलींनी डिस्क आणि तेल दोन्ही लवकर आपलंसं केलं. रोड शर्यतींनी मात्र फार वेळ घेतला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१५ साली चाचणी सुरू केली. एप्रिल २०१६ मध्ये पॅरिस–रूबे शर्यतीत जखमी झालेल्या फ्रान्सिस्को व्हेन्तोसोने डिस्ककडे बोट दाखवलं आणि चाचणी थांबली. पूर्ण परवानगी मिळाली २०१८ साली. तरी २०१९ची टूर द फ्रान्स एगन बर्नालने रिम ब्रेकवरच जिंकली. शर्यतीतला तो हिशेब वजनाचा होता. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याचा हिशेब वेगळा. ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसतं आणि मग पकडतं. तेवढ्यात वळण अंगावर येतं. डिस्क चाकाच्या मध्याशी असते, रस्त्यावरच्या पाण्यापासून उंच, आणि पॅड कडक असल्याने पकड लवकर बसते.

म्हणून तार-तेलाची ही जोडणी मला तडजोड वाटत नाही. पॅड झिजले की तेलच अंतर भरून काढतं, आणि वाटेत तार तुटली तर कोणताही सायकलवाला दुसरी घालून देतो. संपूर्ण तेलाच्या ब्रेकइतका हलका हात तिला नाही, हे खरं; पण आवरण न दबणारं घेतलं, तर उणीव बरीच भरून निघते.

पैसे मोजण्याआधी एवढं तपासा: फ्रेमला आणि पुढच्या फोर्कला कॅलिपर बसवायची जागा हवी, हबवर डिस्क बसायला हवी. यांत्रिक डिस्क आधीच असेल, तर फक्त कॅलिपर, तार आणि आवरण बदलून भागतं. निव्वळ रिम ब्रेकसाठी बनवलेल्या फ्रेमवर हा खर्च करू नका. आणि हाय-आरडीत खनिज तेलच भरा. मोटारीचं ब्रेक ऑइल त्याची सीलं खराब करतं.