उरलेले चार स्क्रू

आमच्या घरचा रेडिओ दुरुस्त होऊन आला, की त्याच्याबरोबर कागदाची एक पुडीही यायची. पुडीत दोन-चार स्क्रू, एखादा वायसर आणि कधीकधी रंगीत पट्ट्यांची एखादी बारीकशी नळी. अण्णांनी "हे काय?" म्हणून विचारलं, की पेठेतले रेडिओवाले काका शांतपणे सांगायचे, "उरलं."

जणू पंगतीत जिलब्या उरल्या होत्या!

अण्णा पोस्टात. दिवसाअखेर हिशेबात एक आणा कमी भरला तर घरी न येणारा आणि एक आणा जास्त भरला तरी घरी न येणारा माणूस. त्यांना हे 'उरलं' प्रकरण मानवायचं नाही. "उरलं म्हणजे? कंपनीला काय वेड लागलं होतं म्हणून घातलं?" असा त्यांचा सवाल असे. त्यावर काका एक अक्षर न बोलता बटण फिरवत. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धं मिनिट सगळे श्वास रोखून उभे. मग रेडिओ खणखणीत वाजू लागे. वाजणाऱ्या रेडिओपुढे युक्तिवाद चालत नाही. अण्णा पुडी खिशात टाकत आणि घरी येऊन कपाटातल्या डब्यात ठेवत. तो डबा त्यांच्यामागे माझ्याकडे आला. वडिलोपार्जित इस्टेट म्हणतात ती हीच.

परवा माझ्या इंजिनिअर पुतण्याला हा डबा दाखवला, तर तो म्हणाला, "काका, तुमचे रेडिओवाले मंट्झिंग करत होते." मला वाटलं, काकांवर काही तरी गुन्हा दाखल झाला. पण नाही. यंत्रातले अनावश्यक भाग एकेक करून काढून टाकण्याला म्हणे इंजिनिअर लोक असं म्हणतात, आणि हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून पडला आहे. मग मी त्या माणसाच्या मागेच लागलो. पेन्शनीत निघालेल्या माणसाला दुसरा उद्योग काय?

हा अर्ल मंट्झ. जन्म १९१४, गाव एल्गिन, राज्य इलिनॉय. शाळा अर्धवट सोडलेली. धंदा जुन्या मोटारी विकण्याचा. पुढे तो कॅलिफोर्नियात गेला आणि तिथं त्यानं स्वतःला 'मॅडमन' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे दुकानदार स्वतःला 'सुप्रसिद्ध' म्हणवतो, 'अस्सल' म्हणवतो, फार तर 'आमची कुठेही शाखा नाही' असं बजावतो. 'येथे एक वेडा माणूस बसतो' अशी पाटी लावून गिऱ्हाईक जमवायचं धाडस या गृहस्थानं केलं. रस्तोरस्ती त्याची चित्रं. डोक्याला नेपोलियनची टोपी, अंगात लाल रंगाचे आतले लांब कपडे, आणि मजकूर असा की मला या मोटारी फुकट वाटायच्या आहेत, पण बायको वाटू देत नाही! त्यातली नक्की कुठली बायको, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा होता, कारण मंट्झनं आयुष्यात एकूण सात लग्नं केली.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत टेलिव्हिजनचा धंदा पुन्हा उभा राहिला. १९४६ साली आरसीए या बड्या कंपनीनं आपला ६३०-टीएस नावाचा संच बाजारात आणला. पडदा दहा इंची, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटापेक्षाही लहान. आत तीसेक व्हॉल्व्ह, आणि किंमत ३७५ डॉलर. यंत्र उत्तम होतं, यात वाद नाही. प्रक्षेपणाच्या मनोऱ्यापासून दूर राहणाऱ्या माणसालाही चित्र नीट दिसावं, म्हणून क्षीण लहरी वाढवणारे टप्प्यावर टप्पे त्यात घातलेले. कोकणातल्या प्रवासाला निघालेल्या आजीच्या वळकटीत जसं सुंठीपासून सतरंजीपर्यंत सगळं असे, तसा तो संच होता.

मंट्झनं विचार केला, की आपलं गिऱ्हाईक राहतं कुठं? शहरात. त्यातही १९४८ पासून १९५२ पर्यंत अमेरिकन सरकारनं नव्या केंद्रांना परवाने देणंच थांबवून ठेवलं होतं. म्हणजे जी केंद्रं होती ती बहुतेक मोठ्या शहरांत, आणि बघणारे त्यांच्या मनोऱ्यांच्या सावलीत. शेजारच्या खोलीतून हाक मारली तरी ऐकू येतं, तिथं कानाला कर्णा कशाला? लांबच्यांसाठी घातलेला तो सगळा जामानिमा शहरातल्या माणसानं विकत का घ्यावा?

आणि मग सुरू झाली ती कापाकापी. हकीकत अशी सांगतात, की मंट्झ खिशात तारा कापायची पक्कड घेऊन आपल्या इंजिनिअरांच्या टेबलांमधून हिंडायचा. एखाद्यानं नवा संच जुळवलेला दिसला, चित्र स्वच्छ दिसत असलं, की हा पक्कड काढून एक कंडेन्सर कापायचा. चित्र आहे? आहे. मग एक रेझिस्टन्स. चित्र आहे? आहे. असं करता करता एक क्षण यायचा आणि पडदा काळा व्हायचा. तेव्हा मंट्झ त्या घाम फुटलेल्या इंजिनिअरला सांगायचा, की आता हा शेवटचा तेवढा परत जोड. आणि पुढच्या टेबलाकडे निघून जायचा.

गंमत वाटते खरी, पण यात मोठी अक्कल आहे. आमच्या रेडिओवाल्या काकांची तीच पद्धत. फरक इतकाच, की मंट्झ उरलेल्या भागांचे पैसे गिऱ्हाइकाला किमतीत सोडून द्यायचा. काका फक्त पुडी द्यायचे.

मंट्झचे संच शंभर डॉलरच्या आतही मिळू लागले. ते शहरात झकास चालत. लांब खेड्यात नेले, की पडद्यावर मुंग्या. मुंग्या म्हणजे काय, ते आमच्या पिढीला सांगायला नको. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईला दूरदर्शन सुरू झालं आणि हळूहळू आमच्यापर्यंत पोचलं, तेव्हा माझ्या सासुरवाडीला गच्चीवर एक मेहुणा अँटेना फिरवायला आणि जिन्यात दुसरा मेहुणा "आलं... गेलं... आता आलं!" ओरडायला कायमचे नेमलेले असत. मंट्झचा संच घेणाऱ्या खेडुताला दोन मेहुणे पुरले नसते.

त्या काळात तो धंदा वेड्यासारखा वाढत होता. १९५० साली अमेरिकेत दहा घरांतल्या जेमतेम एका घरात टेलिव्हिजन होता; १९५५ साली तीनांतल्या जवळजवळ दोन घरांत. विकणारेही वाढले, सगळ्यांनीच किमती उतरवल्या, आणि स्वस्ताईची मक्तेदारी वेड्याकडे राहिली नाही. कंपनीवर देणी साठली. १९५४ मध्ये मंट्झची टीव्ही कंपनी दिवाळखोरीत निघाली.

पण खरी मेख पुढेच आहे. ज्या वर्षांत हा माणूस टीव्हीमधला काही सेंटांचा रेझिस्टन्स कापत होता, त्याच वर्षांत तो 'मंट्झ जेट' नावाची एक ऐटबाज मोटार काढत होता. अशा जेमतेम चारशे मोटारी निघाल्या, आणि दर मोटारीमागे आपण हजारेक डॉलर घालवले, असं पुढं त्यानंच सांगितलं. टेबलाटेबलावर हिंडणारी ती पक्कड या एका टेबलापाशी कधी थांबली नाही. आपल्या हौसेचा कंडेन्सर कोण कापतो हो?

खचला मात्र नाही. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं मोटारीत वाजवायच्या चार ट्रॅकच्या टेपचा धंदा काढला. तो चांगला चालला, तोच विमानं बनवणाऱ्या बिल लिअर नावाच्या गृहस्थानं तिच्यात फेरफार करून आठ ट्रॅकची टेप काढली. चारापेक्षा आठ जास्त, हे गिऱ्हाइकाला कळायला गणित लागत नाही. तरीही मंट्झ १९८७ साली वारला तोवर काही ना काही विकतच होता.

हे सगळं वाचत असताना मला राहून राहून अण्णा आठवले. १९६४ साली थोरल्या भावाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि अण्णांनी पक्कड हातात घेतली. आधी वर्तमानपत्र बंद. ते शेजारच्या आबांकडून दुपारनंतर यायला लागलं. घर चाललं. मग अण्णांचं पान बंद. चाललं. दुधाचा रतीब अर्ध्यावर आला. तेही चाललं. आम्हां धाकट्यांचे दिवाळीचे कपडे गेले, आईचं वर्षातून एकदाचं नाटक गेलं. कुणी तक्रार केली नाही. अण्णांना वाटलं असावं, अरे वा, एवढं सगळं उगाचच बसवलेलं होतं की!

मग एका रविवारी त्यांनी रेडिओ उचलला आणि काकांकडे विकायला देऊन आले. परवान्याचे पैसेही वाचतील म्हणाले.

आई काही बोलली नाही. पण 'आपली आवड' लागायच्या वेळेला ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर यायची, आणि रिकाम्या फळीपाशी थबकून परत आत जायची. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. भाकरी तीच, आमटी तीच, पण जेवताना कुणी कुणाशी बोलेना. पाचव्या संध्याकाळी अण्णा ऑफिसातून आले आणि टोपी न काढताच तसेच बाहेर पडले. मी मागोमाग.

काकांनी दुकानाच्या फळीखालून फडक्यात गुंडाळलेला रेडिओ काढला. विकायला मांडलाच नव्हता. "मला ठाऊक होतं, याल म्हणून," एवढंच म्हणाले. बटण फिरवलं. अर्ध्या मिनिटानं तो वाजला.

अण्णांनी सवयीनं पुडीसाठी हात पुढे केला.

काका म्हणाले, "या खेपेला काही उरलं नाही."