भाकीत आणि नशीब : बोर्डी परिसरातील दोन संहिता

साहित्यातील भाकिताची चर्चा आपल्याकडे बहुधा कंस आणि ईडिपस या दोन आदिबंधांभोवती फिरते. आकाशवाणी वा देववाणी होते, ज्याच्याविषयी ती झाली तो ती टाळण्याची धडपड करतो आणि त्या धडपडीनेच ती खरी ठरवतो. येथे भाकितातून उपरोध निर्माण होतो आणि नियती एका व्यक्तीच्या वाट्याला येते. समूहांच्या कथनांत मात्र भाकीत वेगळे कार्य करते. तेथे ते टाळण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही. उलट ते घडलेल्या गोष्टीला अर्थ पुरवते. हे कार्य तपासण्यासाठी पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा बोर्डी परिसर विशेष उपयुक्त आहे. एका फारसी आणि एका मराठी संहितेचा भूगोल येथे एकमेकांवर पडलेला आहे. पहिल्या संहितेला भाकीत लाभले आहे. दुसरीला नशिबाशी झगडावे लागले आहे.

पहिली संहिता ‘किस्सा-ए-संजाण’. बहमन कैकोबाद या पारशी धर्मगुरूने इ.स. १५९९ च्या सुमारास नवसारीत हे फारसी काव्य रचले. इराण सोडून आलेल्या झरतुष्ट्रीयांचे संजाण बंदरावरील आगमन आणि पुढील स्थलांतरे हा त्याचा विषय. १८४२ मध्ये ईस्टविक यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९२० मध्ये शापूरशाह होडीवाला यांनी त्याची इतिहासदृष्ट्या छाननी केली. संजाण आज गुजरातेत असले, तरी १९६० पूर्वी तो सारा उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. संजाणच्या पाडावानंतर पवित्र अग्नी घेऊन हा समूह बारा वर्षे ज्या डोंगरात लपून राहिला, तो बाहरोट बोर्डीपासून काही मैलांवर, आजच्या डहाणू तालुक्यात आहे.

या काव्याची रचना पाहिली की भाकीत त्याचा कणाच आहे हे ध्यानी येते. धर्मावर तीनदा संकट येईल हे झरतुष्ट्राने आधीच सांगितले होते, या विधानाने कथनाची चौकट बांधली जाते. मग कोहिस्तानात शंभर वर्षे, होर्मुझला पंधरा, दीवला एकोणीस अशी मोजणी येते. होर्मुझला एक ज्ञानी दस्तूर पंचांगे पाहून सांगतो की येथले अन्नपाणी संपले. दीवलाही ताऱ्यांचा कौल मिळाल्यावरच गलबते पुन्हा निघतात. प्रत्येक प्रस्थानाआधी भाकीत आहे, आणि प्रस्थानाचे लौकिक कारण जेथे सांगायला हवे नेमक्या त्याच जागी ते आहे. भाकीत येथे कारणाची जागा घेते.

ही जागा रिकामी का होती, याचे उत्तर संहितेबाहेर शोधावे लागते. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा एक ताम्रपट राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातील आहे. संयान म्हणजे संजाण मंडलाचा कारभार तेव्हा ताजिक, म्हणजे अरब, कुळातील मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता आणि त्याच्या अमदानीत एका देवीच्या मठिकेला दान दिले गेले, असे त्यावरून कळते. २००२ ते २००४ या काळातील संजाणच्या उत्खननांतूनही पश्चिम आशियाशी व्यापारसंबंध असलेले गजबजलेले बंदर समोर आले. ज्यांच्या आक्रमणामुळे मायदेश सोडला त्यांच्याच वंशातील अधिकारी नव्या भूमीच्या बंदरावर असणे, ही इतिहासाची गुंतागुंत आहे. ‘किश्श्या’त तिला जागा नाही, व्यापारालाही नाही. घटनेनंतर शेकडो वर्षांनी लिहिणाऱ्या कवीपाशी स्मृती होती. कारणांची साखळी तुटलेली होती. ती त्याने ताऱ्यांनी सांधली. ही लबाडी नव्हे. पळून येणे आणि पाठवले जाणे यांत समूहाच्या आत्मप्रतिमेचा सारा फरक सामावलेला असतो, आणि भाकीत पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात करते.

मराठी वाचकाला ही रीत अपरिचित नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत अफझलखानाच्या भेटीपूर्वी भवानी शिवाजी महाराजांना दृष्टांत देते. भेट १६५९ ची. बखर लिहिली जाताना तिचे फलित सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे भाकिताचा व्याकरणातील काळ भविष्य असला, तरी त्याचा कथनातील काळ भूतच असतो. आणि भूतकाळाला अशा रीतीने मागे जाऊन अर्थ देण्यासाठी लेखणी हाती असावी लागते.

याच टापूत ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्या वारली समाजाचे काय झाले? जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली. विनामोबदला राबण्याची वेठ आली. लग्नासाठी कर्ज काढणारा आयुष्यभर धनकोच्या घरी राबणारा ‘लग्नगडी’ झाला. हेही एक विस्थापनच, फक्त ते स्वतःच्याच गावात झाले. त्याला कोणत्याही दस्तुराने ताऱ्यांचा आधार दिला नाही. त्याला नाव मिळाले ते नशिबाचे. भाकीत आणि नशीब हे शब्द आपण सहज एकापुढे एक वापरतो, पण त्यांच्यात सत्तेचे अंतर आहे. भाकिताला वक्ता असतो, श्रोता असतो आणि एक दिशा असते. नशिबाला वक्ता नसतो. म्हणून त्याला उलटून प्रश्नही विचारता येत नाही.

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकाची वाङ्मयीन कामगिरी येथे दिसते. मे १९४५ मध्ये झरी येथे झालेल्या वारल्यांच्या परिषदेपासून पुढे डहाणू-तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात जो लढा उभा राहिला, त्याचे हे सहभागी व्यक्तीने केलेले निवेदन आहे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आत्मकथन, वृत्तांत आणि सामाजिक दस्तऐवज यांच्या सीमेवर राहणाऱ्या या लेखनाचा गाभा असा की ते नशिबाला वक्ता मिळवून देते. लग्नगड्याची स्थिती ही कपाळावरची रेघ राहत नाही. ती कर्जाच्या वहीतील नोंद होते. नोंद म्हटली की ती कोणी केली, केव्हा केली, खरी की खोटी, हे विचारता येते. ‘किश्श्या’त कारणाच्या जागी भाकीत बसते; येथे नशिबाच्या जागी कारण बसते. दोन संहितांचे कथनव्यवहार असे परस्परांच्या उलट आहेत.

तरीही या संहितेला एक प्रश्न विचारायला हवा. ‘जागा होणे’ या रूपकात आधीची निद्रा गृहीत असते. ती खरोखर होती का? १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतून निघालेली देवीची चळवळ डोंगरपट्टीतील आदिवासींत शिरली आणि त्या वर्षाच्या अखेरीस दक्षिण गुजरातेत पसरली. डेव्हिड हार्डीमन यांनी १९८७ च्या ग्रंथात तिचा इतिहास दिला आहे. अंगात आलेल्या माणसांच्या मुखातून देवी आज्ञा देई : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, आणि अनेक ठिकाणी, दारूचा धंदा व जमिनी हाती असलेल्या पारशी मालकांकडे कामाला जाऊ नका. ही देववाणी होणार ते सांगत नव्हती, करायचे ते सांगत होती. तिने नशीब मान्य केले नव्हते. मात्र तिचा कोणी बहमन कैकोबाद नव्हता, म्हणून ती काव्य झाली नाही. ती सरकारी कागदपत्रांत आणि लोकांच्या आठवणींत विखुरली. ‘जागृती’ची भाषा, मग ती कितीही आत्मीयतेची असो, अशा मौखिक वाणीला निद्रेत जमा करण्याचा धोका पत्करते. इतिहासाची अटळ वाटचाल मानणाऱ्या विचारसरणीतही नियतीचे एक सुधारित रूप दडलेले असू शकते, याचे भान समीक्षेने ठेवावे.

परंतु या पुस्तकाचे शीर्षकच त्या अटळतेला पुरती शरण जात नाही. ‘जेव्हा’ या शब्दाला मराठीत ‘तेव्हा’ची अपेक्षा असते, शीर्षक तो उच्चारत नाही, वाक्य उघडे ठेवते. ‘किश्श्या’त ‘तेव्हा’ काय होणार ते दस्तूर आधीच सांगतो आणि माणसे गलबतात बसतात. साहित्यातील नियतीचा अभ्यास करताना अमुक संहिता दैववादी की प्रयत्नवादी, एवढी विभागणी पुरेशी नाही. भाकीत कोणाच्या मुखी आहे, ते घटनेनंतर किती काळाने लिहिले गेले, आणि त्याच भूमीवर कोणाची वाणी लिहिली गेलीच नाही, हे तीन प्रश्न प्रत्येक संहितेला विचारावे लागतील. बोर्डीच्या परिसरात ते एकत्र विचारता येतात, कारण बाहरोटचा डोंगर आणि झरीचे मैदान एकाच टापूत आहेत.