क्षुद्रपणा आणि कोतेपणा म्हणजे नेमकं काय?

‘क्षुद्र’ हा संस्कृत शब्द, मूळ अर्थ लहान, बारीक. ‘कोता’ आला फारसीतल्या ‘कोताह’वरून, म्हणजे आखूड. कोत्या मनाचा माणूस म्हणजे ज्याचं मन दुसऱ्यापर्यंत पुरत नाही असा. ‘कद्रू’ आपण बहुतेक पैशाच्या बाबतीत म्हणतो. बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, पण त्यांच्यात एक फरक आहे. तो पाहायला विरार लोकल पुरेशी आहे.

सेकंड क्लासचं बाकडं तिघांचं. रिवाजाप्रमाणे त्यावर चौथा टेकतो. ‘जरा सरका’ म्हटल्यावर बहुतेक लोक सरकतातच. एखादा मात्र मोबाईलमधून मान वर काढत नाही. हा झाला क्षुद्रपणा. चार बोटं जागेसाठी तो समोरच्याला ताटकळत ठेवतो. पण त्यामागे कारण तरी आहे. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे 60 किलोमीटर, प्रवास दीड तासाच्या आसपास. बसायला मिळावं म्हणून वसई-नालासोपाऱ्याचे कितीतरी लोक आधी उलटे विरारला जातात. इतकं करून मिळवलेली जागा कोण सहज सोडेल?

आता बोरिवली घ्या. विरार फास्टमध्ये बोरिवलीच्या माणसाला चढू न देण्यात निदान डब्यातली जागा वाचते. पण चढलेल्याला उतरू द्यायचं नाही? दारातला घोळका हलत नाही, वर ‘विरार गाडीत कशाला चढलास?’ हे ऐकवलं जातं. अशा भांडणांच्या, मारहाणीच्याही बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. गंमत बघा, तो उतरला असता तर डबा मोकळाच झाला असता. अडवणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही, पडतो तो फक्त समोरच्याचा खोळंबा. याला कोतेपणा म्हणायचं. क्षुद्र माणसाला काहीतरी हवं असतं. कोत्याला एवढंच हवं असतं की दुसऱ्याला मिळू नये. गर्दी, पाणी, पार्किंग ही कारणं पहिल्याला लागू पडतात, दुसऱ्याला नाही.

सोसायटीत हे कसं दिसतं?

वरच्या मजल्यावरून ठिबकणारे कपडे, टँकरच्या पैशांवरून होणारी कुरबूर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव न घेता मारलेले टोमणे हे रोजचंच. यात कुणाचं घर जात नाही.

2016 मध्ये वसईतल्या एका सोसायटीत मात्र गोष्ट घरापर्यंत गेली. तिथला एक फ्लॅट मुस्लिम कुटुंबाला विकला जाणार होता. त्याला सदस्यांनी लेखी विरोध केला. प्रकरण पोलिसांत गेलं आणि काही सदस्यांना अटक झाली. विकणाऱ्याचं घर, घेणाऱ्याचे पैसे. शेजाऱ्यांचं यात काय जाणार होतं? ‘आमच्यात नको’ या वृत्तीला पुस्तकी मराठीत संकुचितपणा म्हणतात. माझ्या मते तो कोतेपणाच, फक्त ठराव करून केलेला.

कायदा इथे बराच स्पष्ट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 23 नुसार, पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरणासाठी सोसायटीच्या ‘ना हरकत’ पत्राचीही गरज नसते. तरीही ते मागितलं जातं, आणि माहिती नसल्यामुळे लोक ते आणून देतात.

मग नियम दाखवणारा प्रत्येकजण कोता का?

नाही. थकलेला मेन्टेनन्स मागणारा सेक्रेटरी, रांग मोडणाऱ्याला हटकणाऱ्या काकू, पै-पैचा हिशोब ठेवणारा खजिनदार यांना आपण उगाच ‘कोते’ म्हणून मोकळे होतो. ते सगळ्यांच्या वाट्याचं राखत असतात. नियम सगळ्यांना सारखा लावला जातोय का, एवढं पाहावं. कपडे वाळत घालण्याचा नियम फक्त भाडेकरूंनाच ऐकवला जात असेल, तर मामला कपड्यांचा नाही.

आणि सदस्यत्व नाकारलंच, तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कारणासह लेखी नकार मागा. त्याविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अपील करता येतं.