शुआंगलू
शुआंगलू हा मध्ययुगीन चीनमध्ये खेळला जाणारा, दोन खेळाडूंचा फासे-सोंगट्यांचा पटखेळ होय. नावाचा शब्दशः अर्थ 'जोडसहा' असा आहे. इराणमधील नर्द आणि युरोपातील बॅकगॅमन यांच्याच कुळातील हा खेळ तांग (इ.स. ६१८–९०७) व सोंग (इ.स. ९६०–१२७९) राजवटींत दरबारी मंडळींत लोकप्रिय होता. छिंग राजवटीत तो प्रचारातून गेला. खेळणाऱ्यांची परंपरा खंडित झाल्याने त्याचे नियम जुने ग्रंथ आणि उत्खननात मिळालेले पट यांच्या आधारे पुन्हा जुळवावे लागतात.

== होंग झुनचा ग्रंथ ==
नियमांचे सर्वांत तपशीलवार वर्णन होंग झुन या सोंग अधिकाऱ्याच्या 'पू शुआंग' (इ.स. ११५१) या ग्रंथात आहे. प्राचीन नाण्यांवरही ग्रंथ लिहिणाऱ्या या लेखकाने उत्तर चीन, ग्वांगझौ, जपान इत्यादी ठिकाणच्या पद्धती स्वतंत्रपणे नोंदवल्या. खेळाचे मूळ तो पश्चिम भारतात मानतो.

उत्तरेकडील पद्धतीत दोन फासे आणि प्रत्येकी १५ सोंगट्या असत. सोंगटीला 'घोडा' म्हणत. पांढरे घोडे उजवीकडून डावीकडे, काळे डावीकडून उजवीकडे जात. एकटा घोडा मारता येई. दोन एकत्र आले की 'तुळई' होई व प्रतिस्पर्ध्याला त्या घरात शिरता येत नसे. अखेरच्या भागात पोहोचलेले घोडे दानानुसार पटाबाहेर काढत. ज्याचे आधी संपतील तो विजयी. आरंभीची ५, ५, ३ व २ अशी मांडणी आजच्या बॅकगॅमनशी जुळते.

== पुरातत्त्वीय पुरावा ==
इ.स. १९७४ मध्ये ल्याओनिंग प्रांतातील येमाओताइ येथील ल्याओकालीन थडग्यात लाकडी पट व ३० सोंगट्या मिळाल्या. पटाच्या दोन्ही लांब कडांवर हाडाची १२-१२ वर्तुळे असून त्यांच्या मध्यभागी चंद्रकोर आहे. घरांची व सोंगट्यांची ही संख्या ग्रंथाशी जुळत असल्याने होंग झुनचे वर्णन विश्वसनीय ठरते. तुर्फानजवळील अस्ताना येथील तांगकालीन थडग्यातही या खेळाचा लहान पट सापडला. पटावरून मात्र चाली कळत नाहीत.

== तांगकालीन नियमांचा प्रश्न ==
सोंग काळचे नियम तांग काळाला लावताना एक कथा आड येते. सम्राज्ञी वू झत्येन हिला शुआंगलूत हरल्याचे स्वप्न पडले. मंत्री दी रेनज्ये याने 'महालात झी नाही' असा त्याचा अर्थ सांगितला. चिनी भाषेत 'झी' म्हणजे सोंगटी, तसेच पुत्रही. वारसाहक्क पुत्राऐवजी भाच्याला देण्याचा विचार सुरू असताना दिलेला हा सूचक सल्ला होता. परंतु सोंगट्या बाहेर काढून जिंकायचे असेल, तर रिकामा महाल हे विजयाचे लक्षण ठरते. तेव्हा एक तर तांग काळी सोंगट्या 'महालात' भरण्याला महत्त्व असावे, किंवा मंत्र्याने केवळ श्लेष साधला असावा. नवव्या शतकातील लेखक ली झाओ याने ही कथा चांगशिंग या संबंधित खेळाच्या वर्णनात दिली आहे. त्या खेळातही दोन फासे आणि प्रत्येकी १५ सोंगट्या असत. फक्त त्यांचे रंग पिवळा व काळा होते.

== जपानमधील प्रसार ==
जपानमध्ये हा खेळ 'सुगोरोकू' नावाने रुजला. सम्राज्ञी जितो हिच्या काळात, इ.स. ६८९ मध्ये, त्यावर बंदी घालण्यात आली होती. नारा येथील शोसोइन भांडारात त्याचे जुने पट जतन केलेले आहेत.