केबल-जोडणी : नियोजन आणि नोंदणी

इमारतीतल्या संगणकांच्या नेटवर्कमध्ये कोणती केबल कुठून निघून कुठे पोहोचणार, हे आधी ठरवण्याची आणि टाकल्यावर ते लिहून ठेवण्याची पद्धत. केबलची दोन टोके तेवढी दिसतात; मधला भाग भिंतीत, फॉल्स सीलिंगवर किंवा शाफ्टमध्ये गडप झालेला असतो. अख्खी जोडणी एकत्र दिसते ती फक्त नोंदीत.

अमेरिकेत १९९१ साली ईआयए/टीआयए-५६८ हे मानक आले आणि यंत्रे कोणत्याही कंपनीची असली तरी चालेल अशा सामाईक केबलिंगला शिस्त लागली. लेबले व नोंदी कशा ठेवाव्यात, यासाठी १९९३ मध्ये टीआयए-६०६ निघाले.

नियोजनाची सुरुवात अंतरापासून होते. स्विचपासून संगणकापर्यंत तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते. त्यातले ९० मीटर कायमच्या केबलचे, उरलेले १० दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे. रॅकची खोली मजल्यावर कुठे असावी, हे याच हिशेबाने ठरते. केबल खांबांना वळसे घालत, छतावर चढत-उतरत जाते. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर त्यामुळे फसवे ठरते. सेकंदाला १० गिगाबिटचा वेग हवा असेल तर कॅट ६ प्रकारची केबल साधारण ५५ मीटरपर्यंतच पुरते, कॅट ६ए पूर्ण १०० मीटर. केबलमधल्या तारांच्या रंगक्रमाचे ५६८-ए आणि ५६८-बी असे दोन प्रकार आहेत. त्यांत हिरव्या व नारिंगी जोड्यांची अदलाबदल असते, म्हणून साऱ्या इमारतीसाठी एकच क्रम निवडतात.

प्रत्येक केबलला क्रमांक मिळतो. ‘१ए-बी०२’ म्हणजे पहिला मजला, ए खोली, बी पॅच पॅनेल (रॅकमध्ये केबलची टोके जिथे येतात ती पट्टी), दुसरा पोर्ट. हाच क्रमांक केबलच्या दोन्ही टोकांवर, भिंतीवरच्या सॉकेटवर आणि टेस्टरच्या अहवालावर येतो.

कायमची केबल सहसा हलत नाही. नोंद बिघडते ती पॅच कॉर्डमुळे. खुर्च्या हलल्या की कॉर्ड हलते आणि नोंदीचा तक्ता जुनाच राहतो. २००५ मध्ये मानक झालेल्या एलएलडीपी या प्रोटोकॉलमुळे पोर्टच्या पलीकडे कोणते यंत्र आहे हे स्विचला कळते, पण मधले पॅच पॅनेल त्याला दिसत नाही. २०१६ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुल्या झालेल्या नेटबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये रॅक, पोर्ट आणि केबल यांची नोंद एकत्र ठेवता येते. ती भरायची मात्र माणसानेच.

अख्ख्या जोडणीचा एकत्र विचार नसला की काय होते, याचे एक उदाहरण : बोस्टनमधील बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे नेटवर्क नोव्हेंबर २००२ मध्ये कोलमडले आणि काही दिवस कामकाज कागदावर चालले. तुकड्यातुकड्याने वाढलेल्या जोडण्यांमुळे स्विचची साखळी, नेटवर्कमध्ये फेरे होऊ न देणाऱ्या स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलला झेपेल त्याहून लांब झाली होती.

नोंदीत केबलचा मार्गही लिहितात. एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून टाकलेल्या दोन केबल एकाच शाफ्टमधून गेल्या असतील, तर तिथल्या एका आगीत दोन्ही जातात.