223 घरे आणि एक विहीर

पटकीची साथ गावात शिरली की रोगी मोजले जातात, मृत्यू मोजले जातात. ज्या घरात कोणीच आजारी पडले नाही, त्या घराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दूषित अन्नपाण्यातून पसरणाऱ्या रोगांच्या गणितातील एक मूलभूत कल्पना मात्र अशाच निरोगी घरांच्या मोजणीतून जन्मली आणि ती घरे भारतातील एका खेड्यातली होती.

अँडरसन ग्रे मॅकेन्ड्रिक (1876–1943) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्या सहवासात त्यांना साथींच्या गणिताची गोडी लागली. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालकपद भूषवून 1920 मध्ये ते स्कॉटलंडला परतले. 1926 मध्ये त्यांनी वैद्यकातील प्रश्नांना गणित लावून दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यात या खेड्यातील पटकीचा तक्ता आहे.

गावात घरे 223. त्यांपैकी 168 घरांत एकही रोगी नाही. 32 घरांत एकेक, 16 घरांत दोन-दोन, 6 घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रोगी 86.

रोगाचा धोका सगळ्या गावाला सारखाच असता, तर योगायोगाचे नियम सांगणाऱ्या प्वासाँच्या सूत्रानुसार निरोगी घरे सुमारे 152 आणि एकच रोगी असलेली घरे सुमारे 58 भरायला हवी होती. तक्ता तसे सांगत नव्हता. मॅकेन्ड्रिक यांनी मग निरोगी घरांचा आकडा बाजूला ठेवला आणि रोगी असलेल्या 55 घरांवरून उलटा हिशेब मांडला. उत्तर आले 93. म्हणजे धोक्याच्या कक्षेत घरे होती ती एवढीच. त्यांतली सुमारे 37 केवळ नशिबाने वाचली. उरलेल्या 130 घरांपर्यंत रोगाचे कारण पोहोचलेच नव्हते.

या 93 घरांत रोग्यांची विभागणी योगायोगाच्या नियमाशी तंतोतंत जुळत होती. रोग घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे गेला असता, तर काही घरांत रोग्यांची गर्दी दिसली असती. तेव्हा उगम एकच असावा आणि तो पाण्यात असावा, असे अनुमान निघाले. स्थानिक चौकशीत तशी दूषित विहीर खरोखरच सापडली. वस्तीचा एक भाग तिचेच पाणी पीत होता.

पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, मॅकेन्ड्रिक आणि विल्यम केरमॅक यांनी साथींचे प्रसिद्ध समीकरण मांडले. ते पडताळण्यासाठी 1905–06 मधील मुंबईच्या प्लेगचे साप्ताहिक मृत्यू वापरले. माणसांतला प्लेग हा मुळात उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, याची जाणीव त्यांना होती. त्यांच्या सिद्धांताचा गाभाही न ग्रासलेल्यांविषयीच आहे: रोग होऊ शकणारी माणसे संपण्याआधीच साथ ओसरते.

जे दिसत नाही ते मोजण्याची गरज राजधानी दिल्लीलाही लवकरच कळली. 1955 च्या अखेरीस नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे यमुनेतून उचलल्या जाणाऱ्या पाण्यात मिसळले. काही आठवड्यांत शहरात काविळीचे सुमारे 29,300 रोगी झाले. विषमज्वर मात्र वाढला नाही; क्लोरीनने जिवाणू मारले, विषाणू तगून राहिला. आज तो रोग हेपेटायटिस ई म्हणून ओळखला जातो. संसर्ग झाला, पण डोळे पिवळे झाले नाहीत, अशी माणसे या आकड्यात नाहीत.

आता दिल्लीच्या आर. के. पुरमसारख्या वसाहतीत विहिरीची जागा नळाने, टाकीने आणि खानावळीने घेतली आहे. तेथे उद्या जुलाब-उलट्यांची लागण झाली, तर तपास करणाऱ्याने रोग्यांची यादी करून थांबता कामा नये. तेच अन्न खाऊन, तेच पाणी पिऊन धडधाकट राहिलेले किती आणि त्याला न शिवलेले किती, हेही विचारावे लागेल. रोग्यांची यादी साथीचा आकार सांगते. तिचा उगम शोधायला निरोगी माणसांची यादीही लागते.