गॅसबत्तीतला गॅस

कोकणात दशावतार रंगायचा तो देवळापुढे टांगलेल्या बत्त्यांच्या उजेडात. टाकीत रॉकेल भरलेलं असायचं, तरी सगळे तिला गॅसबत्तीच म्हणत. रॉकेलच्या दिव्यात गॅस कुठला, हे कोडं मला लहानपणी सुटत नसे.

त्याचं उत्तर व्हिएन्नात सापडतं. रसायनतज्ज्ञ बुन्सेनचा शिष्य कार्ल आउअर फोन वेल्सबाख तिथे दुर्मिळ मृदा धातूंवर काम करत होता. 1885 साली त्याने दिव्यात लखलखणाऱ्या जाळीचं, म्हणजे मँटलचं, पेटंट घेतलं. सुती जाळी धातूंच्या क्षारांत भिजवायची, वाळवायची आणि पेटवायची. सूत जळून जातं, पण त्याची वीण ऑक्साइडच्या रूपात तशीच उभी राहते आणि ज्योतीत लखलखते. तेव्हा युरोपातले रस्ते कोळशाच्या गॅसवर उजळत. मुंबईतही 1860च्या दशकात असे दिवे आले होते. मँटल जन्मलं ते त्या गॅससाठी.

पहिला उजेड मात्र हिरवट होता, जाळी फार ठिसूळ होती आणि धंदा बुडाला. आउअरने चिकाटी सोडली नाही. 1891 साली त्याला प्रमाण गवसलं: थोरियम ऑक्साइड 99 टक्के, सिरियम ऑक्साइड 1 टक्का. थोरियम ऑक्साइड उष्णता सहज बाहेर टाकत नाही, म्हणून जाळी भयंकर तापते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश देतं ते चिमूटभर सिरियम. ते वाढवलं तर जाळी निवते आणि उजेड उतरतो. त्या एका टक्क्याचं मला अजूनही नवल वाटतं.

थोरियम मिळतं मोनाझाइट वाळूतून. 1909 साली शॉमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला ती त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली आढळली आणि तिचा माग थेट तिथल्या किनाऱ्यापर्यंत लागला.

बर्लिनच्या एरिश आणि ग्रेट्झ कंपनीने हीच जाळी रॉकेलच्या दिव्यावर बसवली. कंपनीचे माक्स ग्रेट्झ. पेट्रोलियम आणि माक्स मिळून झालं पेट्रोमॅक्स. पंप मारला की रॉकेल तापलेल्या नळीत चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि जळते ती वाफच. म्हणजे आपल्या माणसांनी ठेवलेलं नाव दोन्ही अंगांनी खरं होतं.

बत्तीवाला नवं मँटल दोऱ्याने बांधायचा, स्पिरिटने नळी तापवायचा. रेशमासारखी ती जाळी बघता बघता आक्रसायची, काळी पडायची, मग पांढरी व्हायची. आम्ही बोट पुढे केलं की तो हात धरायचा. त्यानंतर काचेआड उरलेली असायची ती नुसती राख, आणि तिच्याच उजेडात दशावतारातला संकासुर नाचायचा.